तीन बोटांएवढं तोंड

माझ्या बायकोच्या उजव्या हाताचं मधलं बोट मी चावलं. पार हाडापर्यंत. दाताखाली हाड लागल्याचं मला कळलं, तोंडात रक्ताची खारट चव आली, तरी माझा जबडा सुटेना. ती ओरडत होती. मी पूर्ण शुद्धीवर होतो, मला सगळं ऐकू येत होतं, आणि मी तिचं बोट सोडू शकत नव्हतो.

तो धनुर्वात होता. आता मी बरा आहे. मागच्या महिन्यात एक माणूस गावात पत्ता विचारत माझ्याकडे आला. त्याचा भाऊ याच आजारानं दवाखान्यात होता आणि त्याला कुणीतरी सांगितलं होतं की यातून वाचलेला एकजण इकडे राहतो. तो तासभर बसला, चहा प्याला. काय सांगावं ते मला सुचेना, आणि तो गेल्यावर सगळं सुचलं. म्हणून हे लिहितोय. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतील. माझ्याकडे सांगण्यासारखं जे आहे त्यात आजाराइतकाच माझा स्वभावही येणार आहे, त्याला इलाज नाही.

ताकदीची कुस्ती

माझं नाव माणिक. जिंतूर तालुक्यात बोरीच्या बाजूला आमचं गाव. शेती सोयाबीन-कापसाची, पण ओळख पैलवान म्हणून. पंधरा वर्षांचा होतो तेव्हापासून गावच्या आखाड्यात आहे. आमचे वस्ताद नारायणदादा. वय साठीच्या पुढे, कान दोन्ही मोडलेले, आवाज मात्र मऊ.

लोक म्हणायचे, माणक्या कुस्ती खेळत नाही, मारामारी करतो. ते खरंच होतं. सलामी झाली की माझ्या डोक्यात रक्त चढायचं. दात आवळायचे, मान ताठ व्हायची, आणि समोरच्याला मोडायचा एवढंच कळायचं. सरावात एकदा मी एका जोडीदाराचा खांदा निखळवला आणि त्याला उचलायलाही वाकलो नाही. नारायणदादा रोज एकच सांगायचे, "आंग सोड. आवळलेलं आंग समोरच्याला धरायला सोपं जातंय. अन् तू आर्ध्यात दमायलास." मी मान हलवायचो आणि पुन्हा तेच करायचो. मोठ्या फडात मी पाच मिनिटांच्या पुढे कधी टिकलो नाही. पहिल्या झटक्यात पडला तर पडला, नाहीतर मीच धापा टाकत खाली.

हरून घरी आलो की भांडी आपटायचो. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यात माझा हात रेखावर दोनदा उठला होता, एकदा जेवणावरून आणि एकदा माहेरी जाण्यावरून. दुसऱ्या वेळी तिचा कान आठ दिवस दुखत होता. मी माफी मागितली नाही. हे इथे लिहिताना लाज वाटते, पण हे गाळलं तर पुढचं काहीच खरं राहणार नाही.

आखाड्याची माती

पावसाळ्यात आखाड्याची माती खणून वरखाली करतात. मग तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालतात आणि पायानं मळतात. त्या दिवशी मी घाईत खणत होतो. फावडं घसरलं आणि डाव्या पायाच्या अंगठ्याशेजारी चांगलं दोन बोटं खोल शिरलं. भळाभळा रक्त आलं. बघायला थांबलेल्या एका मास्तरांनी सांगितलं की बोरीला जाऊन इंजेक्शन घे. आम्ही सगळे हसलो.

बाहेरच्या माणसाला हे पटणार नाही. आमच्याकडे आखाड्याची माती ही माती नसते. ती कपाळाला लावतात. खरचटलं, सुजलं, कातडी निघाली, की तीच माती चोळतात आणि जखम भरते असं आम्ही आजोबांपासून ऐकत आलोय. नारायणदादांनी स्वतः मूठभर माती घेतली, माझ्या जखमेत दाबून भरली आणि वर चिंधी बांधली. दुसऱ्या दिवशी मी त्याच पायानं लढलो.

अशी चूक शेतकरी करणार नाही, मास्तर करणार नाही. ती आम्हा पैलवानांचीच.

ज्या दिवशी कळलं

नवव्या दिवशी सकाळी भाकरीचा तुकडा तोंडात जाईना. अक्कलदाढ आली असेल असं वाटलं. दुपारपर्यंत मान दुखायला लागली. मी माझ्या पद्धतीनं इलाज केला. दोन्ही हातांनी जबडा धरला आणि जोर लावून उघडायला गेलो. जितका जोर लावला तितका तो घट्ट बसला. नारायणदादांना वाटलं सरावात मान लचकली. त्यांनी गरम तेलानं चोळून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बसलो होतो. रेखाच्या हातून नळाखालची बादली सुटली आणि फरशीवर आदळली. त्या आवाजासरशी माझं अंग कुणीतरी मागून दोरानं ओढल्यासारखं पाठीमागे फेकलं गेलं. डोकं ओट्यावर आपटलं. पाठीचा, पोटाचा, मांड्यांचा एकेक स्नायू दगड झाला. रेखाला वाटलं मिरगी आली. मिरगीत जीभ चावली जाते असं तिनं ऐकलेलं, म्हणून तिनं माझ्या दातांत बोट घातलं. कुणीतरी नाकाला कांदा लावला, कुणीतरी चप्पल. मी तिचं बोट चावत होतो आणि ती दुसऱ्या हातानं माझं डोकं धरून होती.

जीपमध्ये टाकून परभणीला नेलं. झरीच्या अलीकडे रस्त्यात खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला माझं अंग वाकायचं. रेखा हाताला पदर गुंडाळून बसली होती, पदर लाल झालेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. ओठ ताणून चेहरा हसल्यासारखा झाला होता, असं मला नंतर सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, जखम कुठंय? चिंधी सोडली. आत माती तशीच होती, वाळून घट्ट बसलेली. इंजेक्शन घेतलं होतं का, असं त्यांनी विचारलं. जीपमधून सोबत आलेले नारायणदादा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनीच मान हलवून नाही म्हटलं.

अंधारी खोली

खिडक्यांना जाड पडदे होते. दिवा नाही, बोलणं नाही, उगाच हात लावणं नाही. उजेड पडला तरी अंग वाकायचं, माशी बसली तरी वाकायचं. एकदा बाहेर कुणाच्या हातून स्टीलचा ट्रे पडला. माझी पाठ पलंगावरून उचलली गेली, डोकं आणि टाचा तेवढ्या टेकलेल्या. पाठीत कडकन काहीतरी झालं. मणका दबला होता, हे पुढे कळलं. एक दाढ फुटली आणि तिचा तुकडा मी गिळला. या सगळ्यात शुद्ध जात नाही. ती गेली असती तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. मरून जावं असंही वाटलं, ते लपवत नाही.

मला आयुष्यात एकच येत होतं, झुंजायचं. पहिले दोन-तीन दिवस मी तेच केलं. एक कळ गेली की पुढचीसाठी अंग आवळून बसायचो, आता येऊ दे बघतो म्हणून. ती यायचीच. मला चिरडायची आणि जायची.

तिथल्या एक सिस्टर वयानं मोठ्या होत्या. माझ्या कानाशी वाकून अगदी हळू बोलायच्या. त्यांनी मला खोटी आशा दिली नाही. म्हणाल्या, "कळ तुमच्या ताकदीनं थांबणार नाही, ती औषधानं थांबेल. पण एक येऊन गेली की पुढचीची वाट बघू नका. मधला वेळ तुमचा आहे. तेवढ्यात ढिले पडून राहा."

मधला वेळ कधी मिनिटभर असायचा, कधी दहा. मी शिकायला लागलो. आधी पायाची बोटं सोडायची, मग पोटऱ्या, मग मुठी. दोन कळांच्या मध्ये श्वास पुरायला लागला. कळा थांबल्या नाहीत, पण मी थोडा कमी मेलो.

मग गळाच आवळला. श्वास बंद झाला. गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि झोपेच्या औषधावर ठेवलं. ते एकोणीस दिवस माझ्याकडे नाहीत.

बाहेर काय झालं

ते रेखानं नंतर सांगितलं, पलंगाशी बसून, हलक्या आवाजात.

तिचा भाऊ दत्ता आला होता. त्यानं तिचा हात बघितला. बोटाला टाके घातलेले, आतली शीर तुटलेली, ते आता पुरतं वाकणार नाही असं डॉक्टर म्हणाले होते. दत्तानं नारायणदादांची गचांडी धरली आणि दवाखान्याच्या आवारात, सगळ्यांसमोर, त्यांच्या दोन थोबाडीत दिल्या. दादा खाली पडले. त्यानं वर लाथ घातली. दादांनी मनात आणलं असतं तर दत्ताला एका हातानं उचलून फेकलं असतं. त्यांनी हात वर केला नाही.

मग दत्ता रेखाला म्हणाला, चल घरी. हा माणूस बरा झाला तरी याच्यापाशी राहायचं नाही. त्याला कानाचं माहीत होतं.

"मी त्याला म्हणलं, त्यांचं तोंड उघडू दे," रेखा मला सांगत होती. "मला त्यांना एक विचारायचंय. उत्तर ऐकीन, मंग ठरवीन जायचं का ऱ्हायचं."

माझ्या गळ्यात नळी होती, जबडा बंद होता. मी नुसता तिच्याकडे बघत राहिलो. काय विचारणार ते मला तेव्हाच कळलं होतं.

काड्या

कळा थांबल्या, नळी निघाली. जबडा मात्र उघडेना. दातांतून पेज ओढत होतो आणि दातांतूनच पुटपुटत होतो. फिजिओच्या मॅडम आइस्क्रीमच्या काड्या घेऊन आल्या. एकीवर एक ठेवून दातांत सरकवायच्या आणि रोज एखादी वाढवायची. पहिल्या दिवशी तीन गेल्या. तोंड तीन बोटांएवढं उघडलं की झालं, असं त्या म्हणाल्या.

मी जोर लावला. मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि जबडा दोन काड्यांवर आला. मला असा संताप आला की हाताशी होता तो पेला भिंतीवर फेकला. तो रेखाच्या डोक्याशेजारी आदळला. ती हलली नाही. तिनं पेला उचलला, धुतला, जागेवर ठेवला.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तोंडाशी कुस्ती खेळताय. ते तुमच्याहून ताकदवान आहे, हरवता येणार नाही. श्वास सोडा, जीभ खाली पडू द्या. खांदे कुठे गेलेत बघा."

खांदे कानाला लागले होते. तोंड उघडायचं तर खांद्यांचं काय काम होतं तिथे? मी खांदे सोडले, श्वास सोडला. तिसरी काडी परत गेली, आणि मागोमाग चौथीही आपसूक गेली. मी नारायणदादांचं पंधरा वर्षांचं बोलणं त्या क्षणी पहिल्यांदा ऐकलं असं म्हणायला हरकत नाही.

डोकं जड कर

घरी आल्यावर चौथ्या दिवशी मी बैठका मारायला गेलो. कुणी सांगितलं नव्हतं, उलट मनाई होती. दोन मारल्या आणि पाठ अशी आवळली की जमिनीवर पडून तोंडात माती गेली. तासभर उठता आलं नाही.

नारायणदादा तोवर लाजेनं आमच्या दारात आले नव्हते. त्या संध्याकाळी आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "मातीनं न्हाई, म्या मारलं तुला." मला राग होता. मी तो दातांतल्या दातांत बोलून दाखवला, अगदी घाण शब्दांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आत आले, माझ्या उशाशी मांडी घातली आणि माझ्या डोक्याखाली दोन्ही तळवे ठेवले. "डोकं जड कर. पार माझ्या हातात टाक."

जमेना. त्यांनी हात काढले तरी डोकं अधांतरी तसंच राहायचं. मला वाटायचं मी सोडलंय, आणि मान धरूनच बसलेली. ते रोज यायचे. अकराव्या दिवशी डोकं पडलं. म्हाताऱ्याच्या तळव्यात त्याचं सगळं वजन गेलं, आणि मला रडू आलं. का ते मलाही सांगता येत नाही.

त्याच दिवसांत एक गोष्ट दिसली. रेखा ओट्यापाशी काम करत होती. मी तिच्या डोक्यावरच्या फळीवरून हळदीचा डबा काढायला हात वर नेला. तिचे खांदे चटकन कानापाशी गेले, मान आत गेली, हातातली पळी घट्ट धरली गेली. डबा खाली आल्यावर खांदे खाली आले. सहा वर्षं हे माझ्यासमोर होत असणार. मला दिसलं नव्हतं. आता मला आवळलेलं अंग ओळखता येत होतं, कारण मी त्या खोलीत तसाच पडून होतो, पुढची कळ कधी येते ते बघत. सिस्टरांनी मला मधला वेळ दिला होता. रेखाला तोही कुणी दिला नव्हता. तिची कळ म्हणजे मी होतो.

बोटं

काड्या पुरेशा झाल्यावर बोटांनी मापायचं ठरलं. माझी बोटं जाड. रेखा म्हणाली, माझ्या बोटांनी मापू. मी नको म्हणालो. ती माझ्यासमोर बसली आणि डाव्या हाताचं एक बोट पुढे आणलं. भीतीनंच माझा जबडा मिटला.

"दात लागले तर लागतील," ती म्हणाली. "तुमी आवळू नका."

रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी हे चालायचं. खांदे सोडायचे, श्वास सोडायचा, जीभ खाली. एक बोट जायला सहा दिवस लागले, दोन जायला जवळजवळ तीन आठवडे. मग तिनं हात बदलला. उजवा पुढे केला. मधलं बोट ताठ, मुळाशी माझ्या दातांची पांढरी खूण. ते बोट जिभेवर टेकलं तेव्हा जबडा मी सोडून दिला होता. तिसरं बोट गेलं.

तिनं हात काढून पदराला पुसला आणि तिथेच बसून विचारलं.

"बोट आजारानं चावलं, ते मला कळतंय. त्याच्या आधी दोनदा हात उठला, तवा कोणता आजार होता?"

मी तीन महिने उत्तरं तयार करत होतो. फडातली हार, घरची कटकट, डोक्यात चढणारं रक्त. एवढ्या मेहनतीनं उघडलेलं तोंड, त्यातून ते बाहेर काढायची लाज वाटली.

"कोणताच न्हाई," मी म्हणालो. "मीच होतो."

ती उठली आणि चूल पेटवायला लागली. मग म्हणाली, "बघू मंग." त्या दिवशी तिनं दत्ताला फोन केला आणि सांगितलं की मी आत्ता येत नाही, पण मी दवाखान्यात असताना तू नेलेली माझी कपड्यांची पेटी तिकडंच राहू दे. ते मी ऐकत होतो. ते योग्यच होतं.

फड

सव्वा वर्षानं, डॉक्टरांनी मणका तपासून होकार दिल्यावर, मी गावच्या जत्रेत उतरलो. आखाड्यात आता नियम आहे. कुणालाही खरचटलं की नळावर साबणानं धुवायचं आणि बोरीला जायचं. नवीन येणाऱ्याला नारायणदादा स्वतः सुई टोचून आणतात, मगच लंगोट बांधू देतात. मीही लस पुरी घेतली. हा आजार एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही.

समोरचा वालूरकडचा होता, माझ्याहून जड. हलगी वाजायला लागली आणि त्यानं पहिल्याच झटक्यात माझ्या मानेवर रट्टा हाणला. दुसऱ्यात त्याचं कपाळ माझ्या ओठावर आदळलं, ओठ फुटला. तिसऱ्यात अंगठा कानात खुपसला. जुनं रक्त डोक्यात चढलं. दात एकमेकांवर बसले, खांदे वर गेले. मला त्याचा हात मोडावासा वाटला, आणि तो मोडता आला असता.

मी जबडा सोडला, तेवढंच केलं. जीभ खाली पडली, खांदे उतरले, मान मोकळी झाली. त्यानं मान ओढली, मी ओढीबरोबर गेलो. त्याला वाटलं मी दमलो. तो सगळं वजन घेऊन माझ्यावर आला आणि मी खालून त्याचा पाय काढून घेतला. तो पाठीवर पडला. दहा मिनिटं होऊन गेली होती आणि माझा दम शिल्लक होता. मी त्याला हात देऊन उठवलं. नारायणदादा आखाड्याच्या कडेला बसून माझ्या खांद्यांकडे बघत होते.

घरी आलो तेव्हा रेखा भाकरी थापत होती. ताठ बोट पिठाच्या वर राहतं तिचं, त्याची तिनं सवय करून घेतलीय. तिनं माझ्या ओठाकडे बघितलं. जखमेच्या औषधाची बाटली तिच्या डोक्यावरच्या फळीवर होती. मी तिच्यामागे उभा राहून हात वर केला, नेहमीसारखाच, आणि खाली तिच्या खांद्यांकडे बघत राहिलो.

ते जिथे होते तिथेच होते.

"आधी साबणानं धुवा," ती म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली.